यादीतलं नाव आणि वहीतल्या नोंदी : लिव्हरची वाट पाहणाऱ्या एका घराचं प्रकरण

आई, वय ५८. जुना मधुमेह, लिव्हरमध्ये वर्षानुवर्षं साचलेला मेद आणि त्यातून झालेला सिरॉसिस, म्हणजे लिव्हर कठीण होऊन कामातून जाणं. पोटात पाणी होतं, पाय सुजतात. घरात ६३ वर्षांचे बाबा आणि २७ वर्षांचा मुलगा. ३२ वर्षांची थोरली मुलगी वीस मिनिटांच्या अंतरावर वेगळी राहते, तिचं मूल लहान आहे. प्रत्यारोपणाच्या यादीत आईचं नाव लागलं त्याला अकरा महिने झाले. हे प्रकरण कुणा एका कुटुंबाचं नाही. बऱ्याच घरांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी इथे एका घरात बसवल्या आहेत. औषधांचे आणि तपासण्यांचे आकडे वैद्यकीय व्यवहारात चालतात तेच आहेत, पण कोणताही डोस बदलायचा तो आपल्या डॉक्टरांना विचारूनच.

नाव लागलं त्या दिवशीचे रिपोर्ट असे होते : बिलिरुबिन (काविळीचं माप) ३.२, आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप) १.६, क्रिएटिनिन (किडनीच्या कामाचं माप) ०.९, सोडियम १३३. या चार आकड्यांवरून मेल्ड-सोडियम, म्हणजे आजार किती गंभीर आहे ते सांगणारा आकडा, निघाला १९. घरी आल्यावर पहिलं काम काय झालं, तर मुलाने तिघांच्या फोनचे आवाज वाढवले, आईच्या उशाशी चार्जर लावला आणि अनोळखी नंबरही उचलायचे असं ठरलं. यात चूक काहीच नाही. पण पुढचे दोन महिने घराचं सगळं लक्ष त्या फोनवरच राहिलं, आणि आईची तब्येत बिघडली ती भलत्याच बाजूने.

ही रांग नाही

आपलं नाव अमुक क्रमांकावर आहे, पुढचे गेले की आपला नंबर, असं घरातल्या प्रत्येकाला वाटत होतं. या समजाला आधार नाही असं नाही. एकेकाळी यादीत किती दिवस काढले यालाही वजन होतं. अमेरिकेत २००२ साली मेल्डचा आकडा धरून लिव्हरचं वाटप सुरू झालं, आणि पुढे बऱ्याच देशांनी तीच वाट कमी-अधिक फरकाने धरली. हा आकडा ६ ते ४० च्या दरम्यान असतो आणि पुढच्या तीन महिन्यांत जिवाला किती धोका आहे याचा अंदाज देतो. ज्याचा धोका जास्त, त्याचं नाव वर. त्यातही रक्तगट जुळायला हवा आणि मिळालेलं लिव्हर अंगापिंडाला मावायला हवं. म्हणून मागून आलेल्याला आधी फोन येतो, आणि त्यात कुणी कुणावर अन्याय केलेला नसतो.

वाट पाहणाऱ्या घराला हे पचवणं जड जातं. नंबर वर जाणं म्हणजे आई खालावणं. एक वेळ अशी आली की क्रिएटिनिन १.७ झालं, सोडियम १२७ वर उतरलं आणि १९ चा आकडा २७ झाला. एका नातेवाइकाने फोनवर म्हटलं, "चला, पुढे तरी सरकलात." मुलालाही क्षणभर बरं वाटलं आणि मग दिवसभर त्याला स्वतःचाच राग येत राहिला. उपचार मिळाल्यावर आकडा २० वर आला, तेव्हा घरात कुणी आनंदही करू शकलं नाही. हा गोंधळ जवळजवळ प्रत्येक घरात होतो, तेव्हा तो मनात ठेवून कुढण्यापेक्षा प्रत्यारोपण केंद्राच्या समन्वयकाशी उघड बोलावं. आकडा वाढावा म्हणून काही करायचं नसतं आणि तो घटेल म्हणून उपचार टाळायचे नसतात. किडनी खचलेल्या अवस्थेत टेबलावर जाणाऱ्या माणसाचं ऑपरेशन आणि नंतरचे दिवस दोन्ही अवघड होतात.

एक साधी गोष्ट मात्र सांभाळायची असते : रक्ततपासणीची तारीख. आकडा जितका वर, तितकी तपासणी लवकर लवकर लागते. काही पद्धतींत ताजा रिपोर्ट वेळेत नोंदला गेला नाही तर आकडा खाली धरला जातो. आपल्या केंद्राचा नियम पहिल्याच भेटीत विचारून तारखा भिंतीवर लिहाव्यात.

कमी पडलेलं औषध

आईला लॅक्टुलोजचं सिरप होतं, ३० मिलि दिवसातून तीनदा. ते पोट साफ होण्यासाठी आहे असं घराने ऐकलं आणि "पोट साफ होतंय की" म्हणून ते दुय्यम ठरलं. बाबांना त्याची गोडी खटकायची. मधुमेहाच्या बाईला इतकं गोड कशाला, म्हणून त्यांनी माप १५ मिलिवर आणलं. आईला बाहेर पडायचं असेल तेव्हा संडासची धास्ती वाटायची, त्यामुळे प्रवासाच्या दिवशी ती ते अजिबात घेत नसे आणि कुणाला सांगतही नसे.

हे औषध खरं तर मेंदूसाठी आहे. आतड्यात तयार होणारा अमोनिया चांगलं लिव्हर गाळून टाकतं. सिरॉसिसमध्ये तो रक्तातून थेट मेंदूपर्यंत पोचतो. लॅक्टुलोज मोठ्या आतड्यात गेल्यावर तिथले जिवाणू त्याचं आम्ल करतात, त्या आम्लात अमोनिया अडकून राहतो आणि शौचावाटे निघून जातो. लॅक्टुलोज रक्तात जवळपास शोषलंच जात नाही, म्हणून त्याच्या गोडीपायी डोस कमी करू नये. साखर मोजत राहावी, एवढंच. माप मिलिचं नसतं, परिणामाचं असतं : दिवसाला दोन ते तीन मऊ शौच.

दिवसभराच्या एका प्रवासानंतर असं झालं. आईला दीड दिवस शौच झालं नव्हतं. रात्री ती टक्क जागी आणि दुपारी झोपेत. बाबांना वाटलं थकवा आहे, आणि त्यांनी स्वतःच्या औषधांतली झोपेची गोळी काढली. सुदैवाने मुलगी तेव्हा घरात होती म्हणून ती गोळी पोटात गेली नाही. झोपेची उलटापालट ही अमोनियामुळे येणाऱ्या गुंगीची पहिली खूण असते आणि अशा वेळी झोपेची गोळी माणसाला थेट बेशुद्धीकडे नेऊ शकते. दुसऱ्या दिवशी आई मुलावर पैसे चोरल्याचा आळ घेऊन ओरडली, आजचा वार कोणता ते तिला सांगता येईना. हात पुढे करून, मनगटं मागे वळवून, बोटं फाकवून धरायला सांगितलं (गाड्यांना 'थांबा' म्हणून हात दाखवतो तसं), तर पंजे थांबून थांबून खाली गळत होते.

मुलाने तो आळ मनाला लावून घेतला. तीन दिवसांनी आई ताळ्यावर आली तेव्हा तिला त्यातलं काही आठवत नव्हतं. जवळच्यांना हे आधीच सांगून ठेवायला हवं : त्या दोन दिवसांत बोलतो तो अमोनिया. त्या वाक्यांचा जाब नंतर विचारायचा नाही आणि ती तिला ऐकवायचीही नाहीत.

इस्पितळात अमोनियाची रक्ततपासणी झाली आणि घरच्यांनी तो आकडा धरून ठेवला. पुढे दर वेळी "अमोनिया किती?" हाच प्रश्न. हा आकडा आणि माणसाची अवस्था यांचा मेळ नेहमी बसतोच असं नाही. आकडा चढलेला असून माणूस नीट बोलतो, किंवा उलटही होतं. घरच्यांनी आकड्यापेक्षा माणसाकडे पाहावं.

जास्त झालेलं औषध

त्या धक्क्यानंतर सूत्रं मुलीने घेतली आणि काटा दुसऱ्या टोकाला गेला. शौच झालं नाही की घाबरून आणखी एक माप, संध्याकाळी आणखी एक. चौथ्या दिवशी सात वेळा पातळ जुलाब झाले. जोडीला पोटातलं पाणी उतरवायच्या दोन गोळ्या, स्पायरोनोलॅक्टोन १०० आणि फ्युरोसेमाइड ४० मिलिग्रॅम, नेहमीप्रमाणे चालूच होत्या. अंगातलं पाणी दोन्ही वाटांनी गेलं. लघवी कमी झाली, वरचा रक्तदाब ८८ वर आला आणि आई पुन्हा गुंगीत गेली. मुलीचा तर्क साहजिक होता : गुंगी म्हणजे औषध कमी पडलं, अजून द्या. पण या वेळी गुंगीचं कारण औषधाचा अतिरेक होता. अंग सुकलं की किडनी दबते, क्षार बिघडतात आणि अमोनिया पुन्हा वाढतो. मेल्डचे ते २७ याच आठवड्यातले.

जुलाब चारपेक्षा जास्त झाले की पुढचं माप थांबवायचं आणि केंद्राला त्याच दिवशी फोन करायचा, पाणी उतरवायच्या गोळ्या चालू ठेवायच्या का हे विचारायचं : एवढी ओळ आधी कुणी लिहून दिली असती तर तो आठवडा टळला असता. या घराने नंतर अशी ओळ डॉक्टरांकडून मागून घेतली. सल्ला प्रत्येक रुग्णाला वेगळा असू शकतो, म्हणून तो आपल्याच डॉक्टरांच्या हातचा असावा.

आणखी एक. माणूस अर्धवट शुद्धीत असताना सिरप तोंडात ओतू नये, ते श्वासनळीत जातं. अशा वेळी इस्पितळात ते एनिमाने देतात. हाक मारल्यावर डोळे उघडून लगेच पुन्हा झोपेत जाणं ही घरी थांबायची अवस्था नाही.

वही

यानंतर वही आली. साधी आडव्या रेघांची, पलंगाशेजारी दोरीने बांधलेली. मुलाला मोबाइलवर तक्ता करायचा होता, पण नोंद आईने स्वतः करावी असा समन्वयकाचा आग्रह होता. त्यामागे कारण होतं.

रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, साधारण तेच कपडे घालून वजन. मग रक्तदाब, नाडी, ताप, साखर. आदल्या दिवशीचं शौच किती वेळा. लॅक्टुलोजची मापं किती. आणि सगळ्यात खाली आईने एका रेघेत आपलं नाव लिहायचं आणि हात न उचलता पाच टोकांची चांदणी काढायची. मेंदूवर झापड येऊ लागली की जिभेच्या आधी हात चुकतो. वहीचं पान उलटताना हे डोळ्यांना दिसतं : सोमवारी टोकदार चांदणी, मंगळवारी एक टोक उघडं, बुधवारी रेघा एकमेकींना भेटतच नाहीत आणि नावाची अक्षरं ओळीखाली घसरलेली. त्या बुधवारी आई बोलायला अगदी व्यवस्थित होती. मुलीने वही पाहून केंद्राला फोन केला, मूत्रमार्गाचा संसर्ग निघाला आणि औषध वेळेवर सुरू झालं. एरवी हे दोन दिवसांनी कळलं असतं. मोबाइलच्या तक्त्यात सगळे आकडे सारखेच दिसतात, तिथे ही घसरण कधीच दिसली नसती.

वहीच्या पहिल्या पानावर रक्तगट, यादीतला नोंदणी क्रमांक, चालू औषधं मापासकट, ॲलर्जी, केंद्राचे दिवसाचे आणि रात्रीचे नंबर. आतल्या पुठ्ठ्यावर लाल शाईने, कशाकशासाठी सकाळची वाट पाहायची नाही ते : ताप ३८ अंश किंवा जास्त. पोटात पाणी असताना पोट दुखणं. डांबरासारखं काळं शौच किंवा रक्ताची उलटी. बारा तासांत लघवी अगदी कमी. वार, तारीख किंवा घरचं माणूस न ओळखणं. यातल्या पोटदुखीकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. पोटातल्या पाण्याला जिवाणूंची लागण होते तेव्हा ताप येईलच असं नाही. सुईने थोडं पाणी काढून त्यातल्या न्यूट्रोफिल पेशी मोजतात, घन मिलिमीटरला २५० च्या वर गेल्या तर लागण धरून लगेच अँटिबायोटिक सुरू करतात. "गॅस झाला असेल" म्हणून काढलेली एक रात्र इथे महागात पडते.

वजनाचा आकडा मात्र फसवा असतो. पाणी उतरवायच्या गोळ्या चालू असताना पायाला सूज नसेल तर दिवसाला अर्धा किलोपेक्षा वेगाने आणि सूज असेल तर एक किलोपेक्षा वेगाने वजन उतरू नये, हे ठीक. पण ६२ किलोच्या आईत पाणी किती आणि आई किती? पाणी वगळून तिचं वजन ५६ च्या आसपास धरलं होतं. दोन महिन्यांत काट्यावर ६२ चे ६३ झाले, घराला वाटलं अंग धरतंय. मुलीने दर पंधरा दिवसांनी दंडाचा घेर मोजायला सुरुवात केली होती, खांदा आणि कोपर यांच्या मधोमध, पेनाने खूण करून. तो २४.५ सेंटिमीटरवरून २३ वर आला होता. पोट भरत होतं आणि मांस झडत होतं.

मीठ आणि मांस

मांस झडण्याचं कारण घरानेच, अतिशय प्रेमाने, तयार केलं होतं. दिवसाला सोडियम २ ग्रॅम म्हणजे एकूण मीठ साधारण ५ ग्रॅम, सपाट एक चमचा, असं सांगितलं होतं. घराने ते शून्यावर नेलं. शिवाय "लिव्हरला प्रोटीन जड" आणि "प्रोटीनने गुंगी येते" हे जुने समज कुणीतरी पुन्हा पुन्हा सांगत होतं. आईला अळणी घास गिळवेना, ताट अर्धं परत जाऊ लागलं.

आहारतज्ज्ञाने सगळं उलटं केलं. पाणी वगळलेल्या वजनाच्या किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे आईला दिवसाला ६७ ते ८४ ग्रॅम. किलोमागे साधारण ३५ कॅलरी, म्हणजे १९५० च्या आसपास. गुंगी येऊन गेल्यावरही प्रोटीन कापायचं नाही. दूध-दह्यातलं आणि कडधान्यातलं प्रोटीन अशा रुग्णांना जास्त मानवतं. मिठाचं मोजमाप ठेवायचं, पण ताट परत जात असेल तर आधी ताट वाचवायचं आणि मिठाचं डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. पाकिटातले आणि खारवलेले पदार्थ बंद केले की मिठाचा मोठा वाटा तसाच जातो, मग घरच्या अन्नात चिमूट घालायला जागा राहते. बाजारात 'कमी सोडियमचं मीठ' म्हणून मिळतं त्यात पोटॅशियम असतं, आणि स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्याचं पोटॅशियम आधीच चढायला टपलेलं असतं. ते पाकीट घरात आणू नये.

रात्रीचा उपास सगळ्यात घातक. सिरॉसिसच्या लिव्हरमध्ये साखरेचा साठा जवळपास नसतो, त्यामुळे रात्रीच्या दहा तासांत या शरीराचे जे हाल होतात ते धडधाकट माणसाचे दोन-तीन दिवसांच्या उपासाने होतात. शरीर रात्रभर स्नायू मोडून खातं. म्हणून झोपताना साधारण ५० ग्रॅम कर्बोदकं आणि थोडं प्रोटीन मिळेल असं काहीतरी खायचं, आणि मधुमेहाची औषधं त्या हिशेबाने डॉक्टरांकडून बसवून घ्यायची. सोबत खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, पाच वेळा, दिवसातून तीनदा. आधी आईला तिसऱ्यांदा उठता येत नव्हतं. सहा आठवड्यांनी पाच पूर्ण झाले. उठण्याबसण्याची, पकडीची, तोल राखण्याची ताकद प्रत्यारोपणाआधी तपासतात, आणि फार खचलेल्या माणसाचं नाव काही काळ बाजूला ठेवावं लागतं.

दुखण्याच्या गोळ्यांबद्दल थोडक्यात : आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या जातीची एकही गोळी नाही, ती किडनीवर जाते आणि रक्तस्राव वाढवते. पॅरासिटामॉल दिवसाला २ ग्रॅमपर्यंत, तेही विचारून. लिव्हरसाठी म्हणून कुणी दिलेली पुडी, चूर्ण, काढा काहीही नाही.

मुलाचं लिव्हर

पाचव्या महिन्यात जिवंत दात्याचा विषय निघाला. मुलाचा रक्तगट जुळत होता. तो त्याच दिवशी म्हणाला, "मी देतो." मुलगी गप्प राहिली. आई म्हणाली, "पोरांच्या अंगाला सुरी लावून मला जगायचं नाही." बाबा उठून बाहेर गेले. पुढचे तीन आठवडे या विषयावर कुणीच बोललं नाही, आणि त्या तीन आठवड्यांत मुलीला वाटत राहिलं की भाऊ तिला मनातल्या मनात जोखतोय.

लिव्हरचा भाग काढल्यावर उरलेला भाग काही आठवड्यांत बराचसा भरून येतो, हे खरं आहे. पण त्यामुळे ही शस्त्रक्रिया किरकोळ होत नाही. मोठ्या माणसाला साधारणपणे दात्याचा उजवा भाग लागतो, तो लिव्हरच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो, आणि त्या दानात दात्याच्या जिवाचा धोका छोटा असला तरी शून्य नसतो. दात्याच्या तपासणीत दोन हिशेब असतात. आईला मिळणारा भाग तिच्या वजनाच्या ०.८ टक्के तरी असावा, म्हणजे ५६ किलोला साधारण ४५० ग्रॅम. आणि दात्याकडे त्याच्या लिव्हरचा किमान ३० टक्के भाग उरावा. मुलाच्या लिव्हरमध्ये मेद निघाला. त्याने तीन महिने नेटाने वजन उतरवलं, मेद गेला, पण सीटी स्कॅनच्या मोजणीत उजवा भाग काढल्यावर २८ टक्केच उरत होतं. नकार आला.

तो खूप रडला. जणू आईला त्यानेच नाही म्हटलं होतं. अशा वेळी घरच्यांनी "जाऊ दे" म्हणून विषय संपवू नये. नकार त्याच्या शरीराच्या मापाने दिला, ते माप नेमकं काय होतं हे डॉक्टरांनी त्याला समोर बसवून दाखवावं. इथे ते झालं, आणि त्याचा उपयोग झाला.

मुलीला दात्याच्या स्वतंत्र समुपदेशकाने एकटीला भेटून विचारलं. दात्याची बाजू पाहणारी व्यक्ती रुग्णाच्या डॉक्टरांपेक्षा वेगळी असावी, असा चांगला प्रघात यासाठीच आहे. नको वाटत असेल तर कोणत्याही टप्प्यावर मागे फिरता येतं, आणि घरच्यांना फक्त "वैद्यकीयदृष्ट्या योग्य नाही" एवढंच सांगितलं जातं. तिने काय सांगितलं ते घरात कुणाला माहीत नाही, आणि ते कुणी विचारायचंही नाही. आमच्या मते या सगळ्या प्रवासात जपण्यासारखा दरवाजा हाच आहे, कारण प्रत्यारोपण होवो न होवो, भाऊ-बहीण पुढची चाळीस वर्षं एकमेकांसमोर असणार आहेत.

पहिला फोन

आठव्या महिन्यात रात्री ११.४० ला फोन आला. थंड साठवणीतलं लिव्हर साधारण ८ ते १२ तासांत रुग्णाच्या अंगात रक्ताला जोडायचं असतं, म्हणून निघायला उशीर चालत नाही. पिशवी तयार होती : वही, ओळखपत्रं, विम्याचे कागद, चार्जर, चष्मा, एका दिवसाची औषधं. बाबांनी फोनवर विचारायचे प्रश्न पिशवीवरच चिकटवले होते. काही खायचं-प्यायचं का? इन्सुलिन घ्यायचं का? कोणतं औषध वगळायचं? आज ताप, खोकला, जखम काही असेल तर ते आधीच सांगायचं. गाडी शेजाऱ्याने चालवली, हेही आधी ठरलेलं होतं. गुंगीचा आजार असलेल्याने गाडी चालवायचीच नसते आणि अशा रात्री घरच्यांनीही टाळावी.

पहाटे सहाला डॉक्टर येऊन म्हणाले, त्या लिव्हरच्या तुकड्याची तपासणी झाली, मेद फार आहे, वापरता येणार नाही. आई शांत होती. बाबांचे हात थरथरत होते.

असे रिकामे फोन बऱ्याच जणांना येतात, कुणाकुणाला एकाहून जास्त वेळा. कधी अवयव नीट नसतो, कधी रुग्णालाच त्या दिवशी संसर्ग निघतो, कधी आपल्याला राखीव म्हणून बोलावलेलं असतं. हे पहिल्या दिवशीच सांगितलेलं असतं, तरी त्या पहाटे आठवत नाही. पण या घराला फटका बसला तो दुसऱ्या दिवशी. आई रात्रीपासून उपाशी, लॅक्टुलोजची दोन मापं हुकलेली, घरी येऊन सगळे गाढ झोपलेले. संध्याकाळी चांदणीची दोन टोकं उघडी होती. आता पिशवीवर आणखी एक चिठ्ठी आहे : 'परत पाठवलं तर इस्पितळ सोडण्याआधी विचारा, आता काय खायचं, कोणतं औषध लगेच घ्यायचं.' आणि त्या दिवशी तिघांपैकी एकाने जागं राहायचं.

कोण काय धरतं

सात महिने सगळं मुलीच्या डोक्यात होतं. मग तिला स्वतःला ताप आला, आणि संसर्ग आईला लागू नये म्हणून तिला आठवडाभर दूर राहावं लागलं. त्या आठवड्यात बाबांना फ्युरोसेमाइडची गोळी कोणती ते डबीवरून ओळखता येईना. आता आठवड्याच्या गोळ्या रविवारी दोघं मिळून भरतात, एक भरतो आणि दुसरा वाचून पडताळतो. मुलगा दर पंधरा दिवसांनी एक रात्र पूर्ण एकटा सांभाळतो, नुसता सोबतीला बसत नाही. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या दोन महिने आणल्याच गेल्या नव्हत्या, हेही याच फेरवाटणीत उघड झालं. आईच्या वहीत शेवटच्या पानावर आता बाबांचा रक्तदाब लिहितात.

आई नीट शुद्धीत असताना आणखी एक बैठक झाली, डॉक्टरांसमोर. गुंगीत असताना तिच्या वतीने कोण बोलणार, हे तिने लिहून सही करून दिलं : मुलगी, आणि ती नसेल तर बाबा. नाव यादीतून काढावं लागलं तर तिला कुठे राहायचं आहे, व्हेंटिलेटर किती काळ चालेल, हेही तिनेच सांगितलं. मुलगा उठून जाऊ लागला, तेव्हा ती म्हणाली, "बस रे. मला नीट बोलता येतंय तोवर ऐकून घे." त्रास कमी करणाऱ्या उपचारांची टीम तेव्हापासून जोडीला आहे. खाज, पायाचे गोळे, झोप हे सगळं ते पाहतात, आणि त्यामुळे यादीतल्या नावाला काही धक्का लागत नाही.

अकराव्या महिन्यात मेल्ड-सोडियम २३ आहे. पोटातलं पाणी दर तीन आठवड्यांनी काढावं लागतं. पाच लिटरच्या वर काढलं की लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन) शिरेतून देतात. ते सुरू झालं की नाही हे बाबा आता स्वतः विचारतात, कारण ते राहिलं तर किडनी दबते हे त्यांना एकदा पाहून ठाऊक झालं आहे. दंडाचा घेर २४ आहे. परवाची नोंद : वजन ६१.४, रक्तदाब १०४, शौच ३, लॅक्टुलोज ३ मापं, खुर्ची ५. खाली आईची सही सरळ रेघेत आहे, चांदणीची पाचही टोकं बंद आहेत, आणि शेजारी तिने तारखेसमोर स्वतःहून लिहिलं आहे, 'पिशवीतला चष्मा जुन्या नंबरचा आहे, बदलणे.'